'माहुल'चं राहिलेलं अर्धं

नाहूर,
२० नोव्हेंबर १९८३

रत्न्या,

जय भीम.

पोचलास का, जिवंत आहेस का, खायला काय मिळतं, यातलं एक अक्षर न कळवता महिनाभर गप्प बसलास. शेवटी मी चेंबूरला जाऊन मीराकडून पत्ता आणला. तुझी बहीण म्हणाली की दादा समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लँटवर लागलाय. म्हटलं, वा! आमच्या नळाला पाणी नाही आणि हा मस्कतला जाऊन समुद्र गोडा करतोय.

तुझा ड्रमसेट आमच्याकडे सुखरूप आहे. आमच्या खोलीत आधीच आम्ही पाच जण, त्यात तो सहावा. खालच्या मोठ्या ढोलात, तुझ्या त्या किकमध्ये, आईने गोधड्या भरून ठेवल्यात. रोज सकाळी तिचं सुरू होतं, "ह्यो ढोल घरातसून कधी जातलो रे?" मी सांगतो, रतन आला की. गंमत म्हणजे गोधड्यांमुळे किकचा आवाज आता झकास येतो. परवा पायाने हळूच मारून बघितला. आईने लाटणं उगारलं.

मी शिवदासच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटारवर लागलो. दिवसा मुलुंडची कंपनी, शनिवार-रविवार लग्नं, पूजा, वाढदिवस. काम काय, तर सा आणि प, सा आणि प. साडेतीन मिनिटांत गाणं खलास, की लोक ओरडतात 'वन्स मोअर', की पुन्हा तेच सा आणि प. त्याचं मला वाईट वाटत नाही रे. बेस वाजवणाऱ्याने तक्रार करू नये, त्याने उभं राहावं आणि घर तोलून धरावं, हे माझं मत तुला माहीत आहे. पण इथला ड्रमर! त्याचा पाय आणि माझं बोट यांची साधी ओळखपण नाही. तो पुढे पळतो, मी मागे ओढतो, आणि वर गाणारीला वाटतं दोघांनी घेतलीय. तुझा पाय खाली यायचा तेव्हा माझं बोट तारेवर पडलेलं असायचं. आपण ते कधी ठरवलं नव्हतं, बोललोही नव्हतो. आता कळतंय की ते काय होतं.

काल विलायती कॅसेट लावली होती, ती पूर्ण बाजूभर एकच गाणं असलेली. बाबा भजनाहून आलेले. बराच वेळ ऐकत बसले. सात मात्रा मोजल्या त्यांनी बोटांवर, म्हणाले, रूपक आहे. मी खूश. मग ती मंडळी मध्येच पाचात गेली, तिथून कुठेतरी भलतीकडेच. बाबांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणाले, "ह्यांका सम गावाक नाय काय रे?" मला इतकं हसू आलं! पण खरं सांगू, मला त्या संगीतात तेच आवडतं. सम लगेच देत नाहीत. वाट बघायला लावतात. आणि जेव्हा ते सगळे एकत्र येऊन पहिल्या सुरावर उतरतात, तेव्हा असं वाटतं की घरी आलो.

आपण बांधलेलं 'माहुल' तसंच आहे. म्हणून सांगतो, ते पूर्ण वाजवल्याशिवाय मी मरणार नाही. घाटकोपरच्या कॉलेजात त्या दिवशी काय झालं ते आठवलं की अजून डोकं फिरतं. मधला शांत भाग आला, आपण हळूहळू थांबलो, आणि तो निवेदक पोरगा धावत स्टेजवर येऊन आभारप्रदर्शन करायला लागला! प्राचार्यांचे आभार, मंडपवाल्याचे आभार. त्याला वाटलं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आपला उरलेला अर्धा तुकडा तसाच राहिला, आजपर्यंत. तो अर्धा कोणीही ऐकलेला नाही.

दोन वर्षांनी तू रजेवर येशील. चंद्रप्रकाश बँकेत चिकटलाय, पण गिटार विकू नकोस म्हणून मी त्याला दम देऊन ठेवलाय. ते जिथे बसवलं त्या माहुलच्या शेडमध्ये पंधरा दिवस बसू आणि मग कुठेही, अगदी पूजेच्या मांडवात का होईना, पूर्ण वाजवू. निवेदकाला आधीच खांबाला बांधू.

पत्र लिही. लवकर लिही.

तुझा,
लव्या


मस्कत,
१२ जानेवारी १९८४

लव्या,

शिव्या पोचल्या. बरं वाटलं.

उशीर झाला कारण इथे आल्या आल्या काही सुचतच नव्हतं. एका खोलीत आम्ही सहा जण, म्हणजे तुमच्या घरापेक्षा एक जास्त, पण ड्रमसेट नाही. कामाची जागा म्हणजे मोठा हॉल, त्यात पंप आणि कॉम्प्रेसर. आत शिरलं की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. सगळे हातवारे करून बोलतात. पहिल्या दिवशी मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की मधला मोठा कॉम्प्रेसर सातात चालतो. खरंच सांगतो. सहा सारखे ठोके आणि एक लंगडा. मी आठवडाभर त्याच्यावर पान्याने 'माहुल'ची सुरुवात वाजवली. इंजिनिअरने विचारलं, काय बिघडलंय? म्हटलं, काही नाही सर, चेक करतोय.

पहिल्या पगारात टेपरेकॉर्डर घेतला. बाजारात आपल्या त्या विलायती लोकांची नवी कॅसेट मिळाली. हावऱ्यासारखा खोलीवर आलो. यार, वाट लागली. एकेक गाणं चार मिनिटांचं! ड्रमर आहे की मशीन आहे तेच कळत नाही, टक-टक-टक-टक. मी कॅसेट उलटी लावली, म्हटलं दुसऱ्या बाजूला तरी मोठं काही असेल. तिथेही तेच. आपण ज्यांच्या जिवावर कॉलेजची वर्षं बरबाद केली ते लोक कंटाळले रे, लव्या. त्यांना घरी जायची घाई झाली.

आपल्याला नाही. आपलं 'माहुल' अजून बाकी आहे.

एक काम कर. तुझा बेसचा भाग एकट्याने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून कॅसेट भर आणि पाठव. आमच्या चाळीतला अंबादास मार्चअखेर इकडे येतोय, त्याच्याकडे दे. मी मांडीवर वाजवीन. इथे शुक्रवारी सुट्टी असते आणि शुक्रवार फार मोठा असतो.

आईंच्या गोधड्या राहू देत. त्यांना सांग, ढोल यायला थोडा वेळ आहे.

रतन


नाहूर,
६ मे १९८४

रत्न्या,

कॅसेट अंबादासबरोबर दिली होती. मिळाली असेलच. कशी भरली ते ऐक. घरात शक्य नव्हतं, म्हणून कंपनीतल्या गोदामात रविवारी बसलो. वॉचमनला चहा पाजला. बेस आणि मी आणि समोर पुठ्ठ्याची खोकी. मधला शांत भाग आला तेव्हा मी थांबलो, तू जिथे ब्रशने झांजेवर ते पावसासारखं करतोस तिथे, आणि मनात तुझं वाजवणं ऐकत राहिलो. ती जागा कॅसेटवर रिकामीच आहे. ती तुझी. मग दुसऱ्या अर्ध्याला सुरुवात केली. शेवटाला पोचलो तर वॉचमन उभा. म्हणाला, "पूरा हो गया? कुछ समझा नहीं, पर अच्छा था." आपला पहिला श्रोता.

त्या नव्या कॅसेटचं वाचून वाईट वाटलं, पण मी त्यांना दोष देणार नाही. आता मी दर आठवड्याला लोकांसमोर उभा राहतो ना, मला दोन्ही बाजू कळायला लागल्यात. मागच्या शनिवारी बोरिवलीला हळद होती. नवरीची म्हातारी आजी खुर्चीवरून उठली आणि माझ्या सा-प वर नाचली. चांगली नाचली. बावीस मिनिटांच्या तुकड्यावर ती नाचली असती का? नसती. आणि त्या विलायती लोकांत पण खोट होतीच. कीबोर्डवाला एकदा सुटला की दहा-दहा मिनिटं थांबायचं नाव नाही. शब्द तर काय, जादूगार आणि राजवाडे, मला कधी कळले नाहीत. पण त्यांनी एक शिकवलं. गाणं कुठे चाललंय हे ठाऊक नसतानाही सोबतच्या माणसावर भरवसा ठेवून चालत राहायचं. ऑर्केस्ट्रात भरवसा लागत नाही, गाणं सगळ्यांना पाठ असतं.

म्हणून मला तू पाहिजेस. घे, लिहून टाकलं. च्यायला, बायकोला लिहावं तसं लिहितोय.

मांडीवर वाजवलंस का? शेवटच्या भागात मी थोडा हळू झालोय, तू सांभाळून घे. कसं झालं ते सविस्तर कळव. मी रोज पोस्टमनची वाट बघतो.

लव्या


मस्कत,
१५ सप्टेंबर १९८४

प्रिय लवू,

पत्र आणि कॅसेट दोन्ही मिळालं. उत्तराला उशीर झाला, कामाचा व्याप फार आहे. कॅसेट बरी आहे.

यापुढे कॅसेट पाठवू नकोस. पत्रच लिही, ते बरं पडतं. लांबलचक लिहिलंस तरी चालेल, मी सगळं वाचतो.

दुसरं म्हणजे ड्रमसेट. तुझ्या घरच्यांना किती दिवस त्रास द्यायचा? कोणाला हवा असेल तर देऊन टाक. एखाद्या मंडळाला, कोणालाही. मला इथे वाजवायला वेळ होत नाही आणि सवयही राहिली नाही.

बाबांना आणि आईंना नमस्कार.

रतन


नाहूर,
७ ऑक्टोबर १९८४

रतन,

'बरी आहे'?

मी गोदामात घाम गाळून तुझ्यासाठी सबंध 'माहुल' वाजवलं आणि तुझ्या तोंडून काय आलं, तर बरी आहे. लग्नात जेवून गेलेला पाहुणा पण एवढ्या कोरडेपणाने बोलत नाही. आणि 'प्रिय लवू' काय? मला लवू कधीपासून म्हणायला लागलास? शाळेतल्या बाई म्हणायच्या लवू.

ड्रमसेट मी देणार नाही. तुझा आहे तर ये आणि तूच उचल. नवा घेतलास का तिकडे? तसं असेल तर सरळ सांग. गल्फला गेलेली माणसं बदलतात असं सगळे म्हणतात. मी भांडायचो त्यांच्याशी, की आमचा रत्न्या तसा नाही.

माझं काम ठीक चाललंय. शिवदासने नवा कीबोर्ड आणलाय, जपानी, त्यात सगळी वाद्यं आहेत म्हणतो. व्हायोलिनवाल्या म्हाताऱ्याला त्याने रजा दिली. ड्रमरलाही. ठोके पण त्या यंत्रातून निघतात आता. आपलं ठीक आहे.

धाकटीचं, शकुचं लग्न ठरलं. घरात आता हलायला जागा नाही, तरी ढोल तिथेच आहे. आईला मी सांगितलंय की पुढच्या ऑक्टोबरात रतन येणार, तेव्हाच तो हलणार. मला खोटं पाडू नकोस.

रागावलोय. पण लिही.

लवू


मस्कत,
२२ सप्टेंबर १९८५

प्रिय लवू,

वर्षभरात तुझी तीन पत्रं आली, मी एकाचंही उत्तर दिलं नाही. तू रागावलास ते बरोबरच आहे.

रजेचं काही नक्की नाही. माणसं कमी आहेत, त्यामुळे यंदा सोडतील असं वाटत नाही. तू माझ्यासाठी काही अडवून ठेवू नकोस. चंद्रप्रकाशलाही मोकळं कर. दुसरा चांगला ड्रमर मिळाला तर त्याच्याबरोबर 'माहुल' वाजव. तो तुकडा जितका माझा तितकाच तुझा आहे.

शकुला आशीर्वाद. लग्नात तू स्वतः वाजवलंस का?

रतन


नाहूर,
२ मार्च १९८६

रतन,

काल चेंबूरला गेलो होतो. मीराला शाळेत नोकरी लागली म्हणून तुझ्या घरून पेढ्याचा निरोप आला होता. पेढा तोंडात होता तेव्हा तुझी आई म्हणाली, "रतन रजेवर महिनाभर होता, पण कसा वाळलाय बघितलंस ना?"

मी काय बघणार? मी पेढा गिळला आणि हो म्हणालो.

मीरा मला सोडायला नाक्यापर्यंत आली. तिला मी विचारलं. जानेवारीत तू पूर्ण महिना चेंबूरला होतास. तिने सांगितलं, "दादा तुमच्या कार्यक्रमाला पण गेला होता, आमच्या मैदानावर पूजेचा झाला तो. तुम्हाला भेटला असेल असंच वाटलं मला." वर म्हणाली, की तू घरात कोणाशी धड बोलत नव्हतास, हाका मारल्या तरी ओ देत नव्हतास. तिला वाटतं तुला गर्व चढलाय.

मलाही आता तेच वाटतं. चेंबूरच्या मैदानावर मी स्टेजवर होतो आणि तू खाली गर्दीत होतास, आणि मला न भेटता निघून गेलास. मी अडीच वर्षं तुझा ढोल सांभाळला. शकुच्या लग्नात पाहुण्यांना झोपायला जागा नव्हती, दोघं जण गॅलरीत झोपले, पण ढोल जागचा हलला नाही. आणि तुला स्टेजच्या मागे येऊन 'लव्या' एवढी हाक मारता आली नाही?

मला फक्त कारण सांग. मी काय केलं? ऑर्केस्ट्रात सा-प वाजवणारा माणूस तुला आता हलका वाटतो का? तसं असेल तर तसं लिही, मी वाचून फाडून टाकीन आणि ढोल दुसऱ्याच दिवशी देऊन टाकीन. पण लिही. तुझी आठवण काढून काढून मी थकलोय रे.

लवू


मस्कत,
२३ मार्च १९८६

लव्या,

आता सगळं लिहितो. घरी कोणाला सांगू नकोस, मीरालाही नाही.

तुझी कॅसेट अंबादासने एप्रिलमध्ये आणून दिली. ती मी खरंच मांडीवर वाजवली, दर शुक्रवारी, खोलीतली पोरं वैतागेपर्यंत. जूनमध्ये कॉम्प्रेसरच्या हॉलमध्ये वाफेची एक लाईन फुटली. मी जवळच होतो. भाजलो नाही, पण कानात शिट्टी वाजायला लागली ती आजतागायत थांबलेली नाही. आधीच त्या हॉलमध्ये कानात कापसाचे बोळे घालून काम करत होतो, कान कधीपासून जात होते कोण जाणे. त्या दिवशी उरलेसुरले गेले.

बहिरा नाही झालो. पण बारीक, वरचं सगळं गेलं. बायकांचं बोलणं म्हणजे भिंतीपलीकडचं भांडण वाटतं. घड्याळ ऐकू येत नाही, पाखरू ऐकू येत नाही. झांज मारली तर हलताना दिसते, वाजत नाही. डॉक्टर म्हणाला, वाढूही शकतं. कंपनीत कळलं तर घरी पाठवतील, म्हणून ओठ बघून काम चालवतो. मीराचं शिक्षण चालू होतं, घराचं छप्पर बाकी होतं.

तू कॅसेटबद्दल विचारलंस तेव्हा काय लिहिणार होतो? ज्याला झांज ऐकू येत नाही त्याने ड्रमर म्हणवून घ्यायचं? तू वाट बघतोयस हे वाचवत नव्हतं. म्हटलं, तुला राग आला तर बरं, राग लवकर जातो.

रजा मिळाली तेव्हाही ठरवलं होतं, भेटायचं नाही. पण आमच्याच मैदानावर तुझा कार्यक्रम! बोर्ड वाचला आणि पाय निघाले. मागे खांबाजवळ उभा राहिलो. गाणारी बाई गात होती, मला नुसते ओठ दिसत होते. लोक टाळ्या वाजवत होते, तीही नुसती हालचाल. आणि मग, लव्या, तू ऐकू आलास. जमिनीतून, पायांतून वर. एकेक सूर वेगळा आणि स्वच्छ. दीड वर्षात मी पहिल्यांदा संगीत ऐकलं, आणि त्यात फक्त तू होतास. मी तिथे उभा राहून रडलो. शेजारच्या माणसाने मला पाणी दिलं.

त्याच वेळी ठरवलं की संपलं की मागे येतो, तुला सगळं सांगतो. झांज गेली खड्ड्यात, माझा पाय आणि तुझं बोट, एवढ्यावर 'माहुल' होईल असं वाटलं. खरंच वाटलं.

मग ते कोळीगीत सुरू झालं. तुझी बोटं चालली होती, मान डोलत होती. पण ऐकू काही येईना. बाकीचा गोंगाट होता तसाच होता, फक्त तू नव्हतास. मी गर्दीतून पुढे सरकलो, अगदी बांबूच्या कठड्यापर्यंत. तिथून तुझं बोट तारेवर पडताना स्पष्ट दिसत होतं. काही नाही. दुसरं गाणं झालं, तेही तसंच. डॉक्टर म्हणाला होता ते खरं झालं, आता खालचंही जायला लागलं, आणि पहिला तूच गेलास.

मी घरी आलो. परत आल्यावर पुढच्या दोन वर्षांच्या करारावर सही केली. कान आहेत तोवर कमावून घेतो. ढोल देऊन टाक, लव्या. मी हे रागाने लिहीत नाही.

तू हलका कधीच नव्हतास.

रत्न्या


नाहूर,
११ एप्रिल १९८६

रत्न्या,

हे पत्र नीट वाच, आणि पुन्हा एकदा वाच.

त्या दोन गाण्यांत मी वाजवत नव्हतो.

शिवदासने तो कीबोर्ड आणल्यापासून बऱ्याच गाण्यांत बेस त्याच यंत्रातून काढतात. डाव्या हाताने. ती गाणी आली की शिवदास माझा अॅम्प बंद करतो. पण मला स्टेजवरून उतरवत नाही, कारण स्टेज भरलेला दिसला पाहिजे, पार्टीने नऊ माणसांचा ऑर्केस्ट्रा ठरवलेला असतो. म्हणून मी उभा राहतो आणि मुक्या तारांवर बोटं फिरवतो. मान डोलावतो. हसतो पण. दीड वर्ष मी हे करतोय आणि तुला एका शब्दाने लिहिलं नाही. 'आपलं ठीक आहे' असं लिहिलं. काय लिहिणार होतो? की तुझा मित्र वाजवण्याची नक्कल करून पोट भरतो? तुला कळलं असतं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

आणि तो कीबोर्ड कर्ण्यांतून वाजतो. कर्ण्याला खर्ज कुठला? अगदी कठड्याशी उभ्या धड कानाच्या माणसालाही त्यातला बेस ऐकू येत नाही. माझा आवाज येतो माझ्या त्या मोठ्या लाकडी बॉक्समधून, आणि तो बॉक्स बंद होता. त्या मैदानावर तेव्हा बेस नव्हताच, रत्न्या. कोणालाच ऐकू आला नाही. फरक एवढाच, की बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही.

तुझे कान जेवढे होते तेवढेच आहेत. कळलं का? मी गेलेलो नाही. तुझं पत्र वाचून आधी मी गॅलरीत जाऊन बसलो, मग आईच्या समोरच रडलो. तिने विचारलं, कोण वारलं? म्हटलं, कोणी नाही, उलट.

आता तुला झांज ऐकू येत नाही तर नाही. झांज मी पोत्यात बांधून माळ्यावर टाकतो. तू माझ्या बॉक्सला पाठ टेकून बसशील, मी तुझ्या पायाकडे बघीन. मधला शांत भाग जरा अवघड जाईल, तिथे मी मानेने खूण करीन. वरच्या आवाजांची काळजी चंद्रप्रकाशने करावी, बँकवाल्यांना कशाची घाई असते? तू सही केलीस ती केलीस, दोन वर्षं तर दोन वर्षं. पण त्या हॉलमध्ये आता कापूस चालणार नाही, कंपनीकडून कान झाकायचं ते मोठं घे, भीक मागून घे, चोरून घे. उरलंय तेवढं घेऊन ये.

आता कालचं सांगतो. मुलुंडला लग्न होतं. पहिल्या गाण्याआधी मी शिवदासला बाजूला घेतलं आणि म्हटलं, आजपासून माझा अॅम्प बंद करायचा नाही, सगळ्या गाण्यांत मी वाजवणार, नाहीतर दुसरा कोणी बोटं हलवणारा शोध. तो हसला. म्हणाला, "अरे लवू, कोणाच्या लक्षात येतं?"

मी म्हटलं, एकाच्या आलं. तो दोन वर्षांसाठी परत गेला.

त्याला काही कळलं नाही, पण माझं तोंड बघून तो माईककडे वळला. अॅम्प चालूच राहिला. मी शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवलं, कोळीगीत पण वाजवलं, कीबोर्डवाला माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. आणि मी पूर्ण वेळ मांडवाच्या मागच्या बाजूला उभ्या असलेल्या एकेका माणसाचं तोंड बघत होतो, तू मस्कतला आहेस हे माहीत असूनही.

तुझा,
लव्या